उतरत्या खुणा

मंगळवार, ३

पोचलो एकदाचा! ब्रशांच्या पेटीवरून कंडक्टरशी दोनदा वाजलं, पण उतरताना पेटी त्यानंच खाली दिली आणि चढताना दम लागला तर थांबत जा काका, असा सल्लाही दिला. काका म्हणे! बावन्न म्हणजे काही वय झालं का? थांब्यापासून विश्रामगृहापर्यंतचा चढ मी एका दमात चढलो. वर आल्यावर मात्र दहा मिनिटं तोंडातून शब्द फुटेना.

खोली छान आहे. वरच्या मजल्यावर, कोपऱ्यातली. एक खाट, टेबल, खुर्ची, आणि माकडं आत येऊ नयेत म्हणून जाड गज लावलेली मोठी खिडकी. खिडकीतून खालचा रस्ता दिसतो, अगदी बसथांब्यापर्यंत. थांबा म्हणजे एक खांब आणि एक बाक. समोर वळण आणि वळणापलीकडे दरी, त्यामुळे गाड्या तिथं हॉर्न वाजवतच येतात. मागच्या बाजूला डोंगर, नखशिखांत झाडीचा.

विश्रामगृह सांभाळणाऱ्या बाईंना सगळे किल्लीबाई म्हणतात. कमरेला किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा आहे की त्या यायच्या आधी त्यांचा आवाज पोचतो. माकडांवर आणि पर्यटकांवर त्यांचा सारखाच अविश्वास, म्हणून दिसेल त्या दाराला कुलूप. मला त्यांनी लगेच पेंटरदादा करून टाकलं.

तीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. मग फ्लेक्स आला आणि धंदा बसला. आता वनखात्यानं डोंगरवाटेवरच्या खुणा रंगवायला नेमलंय. खूण म्हणजे झाडावर नाहीतर खडकावर तळहाताएवढा पिवळा पट्टा. प्रत्येक ठिकाणी दोन बाजूंना दोन: एक चढणाऱ्याला दिसणारी चढती खूण, आणि झाडाच्या मागच्या अंगाला, परतणाऱ्याला दिसणारी उतरती. नियम एकच. एका खुणेपाशी उभं राहिलं की पुढची दिसली पाहिजे. एवढं सोपं काम मला आयुष्यात मिळालं नव्हतं.

संध्याकाळी मुलीचा, ठिपकीचा फोन आला, इथल्या ऑफिसातल्या फोनवर. बावीस तारखेच्या रविवारी, दहाच्या बसनं येते म्हणाली. माझ्याबरोबर पहिल्या पॉइंटपर्यंत चढायचंय तिला. तिची आई गेल्यापासून आठ महिन्यांत तिनं आपणहून काही मागितलं ते हे पहिलंच. मी बरं म्हणालो. आणखी काहीतरी म्हणायला हवं होतं.

बुधवार, ४

आज हात साफ करून घेतला. थांब्यापासून इथं येताना मध्ये एक फाटा दगडखाणीकडे जातो. ठिपकी घरामागच्या गल्लीतही रस्ता चुकते, तेव्हा बसमधून उतरल्यावर ती खाणीत जाणार हे ठरलेलं. म्हणून थांब्याच्या खांबापासून आमच्या फाटकापर्यंत नऊ खांबांवर नऊ खुणा केल्या. हाताला सवय, म्हणून दोन्ही अंगांना केल्या, चढत्या आणि उतरत्या. खोलीत येऊन खिडकीतून पाहिलं तर नऊच्या नऊ एका रांगेत दिसतात. मन भरून आलं असं लिहिणार होतो, पण तसं काही झालं नाही. नीट दिसतात एवढंच.

सरकारी रंग मुलीसाठी उधळला म्हणून किल्लीबाईंनी माझी यथेच्छ खेचली. खात्याचं काम नाही, म्हणून या नऊ कामाच्या वहीत मांडल्या नाहीत.

ठिपकी हे नाव तिनं स्वतःच कमावलेलं. तीन वर्षांची असताना एका सराफाच्या ओल्या पाटीवर तिनं दहाही बोटं उमटवली होती. मी चिडलो होतो. तिची आई हसून हसून खाली बसली होती.

शुक्रवार, ६

पूर्ण वाट चढून आलो. विश्रामगृहापासून पहिल्या पॉइंटपर्यंत अठ्ठावीस खुणा. सावलीची वाट, पायाखाली पाचोळा, वर लोखंडी कठडा आणि दोन बाकं. खाली नदीचं वळण दिसतं. तिथून दुसऱ्या पॉइंटपर्यंत छत्तीस. तो म्हणजे मोठा सपाट कातळ, घरची मंडळी डबे उघडून बसतात ती जागा. बहुतेक लोक तिथूनच माघारी येतात. त्यापुढे माथ्यापर्यंत एक्केचाळीस खुणा, दाट रान, आणि शेवटी एकदम उघडं आकाश. सात डोंगर एकामागे एक, प्रत्येक आधीच्यापेक्षा फिका. शेजारी एक तरुण जोडपं होतं, त्यातल्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी आपला मोजत बसलो की एवढ्या निळ्या छटा मिसळायला पांढरा किती लागेल.

हे माझं असंच आहे. ही गेली त्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात ‘शांतता राखा’ अशी पाटी होती. अक्षरांमधलं अंतर चुकलं होतं. डॉक्टर येऊन सांगून गेले, ठिपकी भिंतीला टेकून खाली बसली, आणि मी तिथल्या कारकुनाला अंतर चुकल्याचं दाखवत होतो. ठिपकीनं ते ऐकलं. नंतर तिनं एकदाच विचारलं होतं, बाबा, तुम्हाला काही वाटतच नाही का? मला उत्तर माहीत असतं तर दिलं असतं. रडू आलं नाही, अजून आलेलं नाही. जिथं दुखायला हवं तिथं हात लावून बघतो, तर तिथं काहीच नाही.

माथ्यावरून लोक पलीकडच्या रुंद जीपरस्त्यानं उतरतात. खात्याच्या सूचनापत्रात लिहिलंय: दुसऱ्या पॉइंटच्या वर उतरत्या खुणा करू नयेत. कारण दिलेलं नाही. बघितलं तर खरंच, तिथं झाडांच्या मागच्या अंगाला रंगाचा टिपूसही नाही. रंग वाचवायचा म्हणून असली अर्धवट कामं करणारी माणसं मला ठाऊक आहेत.

सोमवार, ९

आज व्हायचा तो प्रकार झालाच. एक निवृत्त पोस्टमन माथ्यावर गेले. बायको दुसऱ्या पॉइंटवर बसलेली, म्हणून आल्या वाटेनंच परत निघाले. धुकं उतरलं. मागे वळून पाहिलं तर एकही खूण नाही. दोन तासांनी मला आणि वाटेवरच्या दोघा पर्यटकांना ते एका दगडावर बसलेले सापडले. सुखरूप होते. आयुष्यभर लोकांचे पत्ते शोधले आणि आज स्वतःचाच सापडेना, असं म्हणून हसायचा प्रयत्न करत होते.

मी ठरवलं. सूचनापत्र गेलं खड्ड्यात. किल्लीबाईंना विचारलं असतं, पण त्या भाचीच्या बाळंतपणाला गेल्यात, पुढच्या सोमवारशिवाय यायच्या नाहीत.

गुरुवार, १२

तीन दिवसांत एक्केचाळीस उतरत्या खुणा पूर्ण. माथ्यापासून सुरू करून दुसऱ्या पॉइंटपर्यंत, कातळावरच्या जुन्या खुणांना आणून जोडल्या. आता माथ्यापासून माझ्या दारापर्यंत एकशे पाच खुणांची सलग रांग आहे. डोळे मिटूनही कुणी उतरेल. वहीत मांडलं. कंबर धरलीय, पण काम चोख झालंय. पुष्कळ दिवसांनी पोटभर जेवलो.

शनिवार, १४

लोकांना काय म्हणावं! माथ्याजवळच्या पहिल्या नऊ उतरत्या खुणांवर कुणीतरी पंजे उमटवून ठेवलेत. दहाव्या खुणेपासून पुढे सगळं स्वच्छ.

दोन गोष्टी कळत नाहीत. रंग दोन दिवसांपूर्वीच खडखडीत वाळला होता, मी स्वतः नख लावून पाहिलं होतं. पंजे मात्र ओल्या रंगात रुतावेत तसे रुतलेत. आणि पंज्याला बोटं चार, चारही एकाच लांबीची. अंगठा नाही. माझा हात त्यावर ठेवून पाहिला, तर माझ्या हातापेक्षा ते वीतभर लांब.

रंगवून नीट केलं. खाली आल्यावर चहाचा पेला उचलला तर गरम लागेना. उजव्या हाताच्या बोटांची टोकं बधिरली आहेत. टर्पेंटाइननं होतं असं कधीकधी.

सोमवार, १६

काल आणखी नऊ. आज आणखी नऊ. म्हणजे सत्तावीस. वरून खाली, एकही न गाळता. परवा रंगवलेल्या नऊ खुणा मात्र तशाच स्वच्छ आहेत, त्यांच्याकडे कुणी परत फिरकलेलं नाही. म्हणजे जे कोण आहे ते खाली येतंय, रोज नऊ खुणा.

दुपारी किल्लीबाई आल्या, बाळाचं कौतुक सांगत. मी मध्येच वरच्या खुणांचं बोललो. त्या पायरीवर बसल्या. कमरेच्या किल्ल्या हातात घट्ट धरून ठेवल्या, वाजू नयेत म्हणून असेल. मग सांगितलं. खात्यानं मला सांगितलं असेल असं त्यांना वाटलं होतं, आणि नव्या माणसाशी असलं बोलायची त्यांना लाज वाटली होती.

माझ्याआधी वीस वर्षांपूर्वी एक पेंटर होता. त्यानंही असंच कुणीतरी चुकलं म्हणून वरच्या उतरत्या खुणा केल्या, थेट स्वतःच्या झोपडीपर्यंत. माथ्यावर जे आहे ते उतरत्या खुणांशिवाय खाली येऊ शकत नाही. खुणा मिळाल्या की येतं. कुणाला मारत नाही, ओरबाडत नाही, दिसतसुद्धा नाही. फक्त जवळ येतं. ज्याच्या जवळ येतं त्याला काही वाटेनासं होतं. दूर गेलं की माणूस पुन्हा ठीक होतो. पण जिथं शेवटची खूण असेल तिथं ते थांबतं, मुक्कामच करतं. पेंटर पाच दिवस झोपडीत बसून होता. शेजारी पाण्याचा माठ भरलेला होता. प्यावंसं वाटलं नाही, म्हणून तो प्यायला नाही. त्याला उचलून नेलं तेव्हा ते आपलं आपण वर गेलं, आणि लोकांनी वरच्या उतरत्या खुणा खरवडून काढल्या.

मी विचारलं, आता खरवडल्या तर? त्या म्हणाल्या, ते अजून माथ्यावरच असतं तर उपयोग होता. आता ते निघालंय. खालच्या पुसल्या तर आहे तिथंच वाटेवर मुक्काम करेल, आणि वाटेवर माणसं असतात.

हे सगळं मी शांतपणे ऐकलं. हसू यायला हवं होतं, नाहीतर भीती. दोन्ही आलं नाही.

बुधवार, १८

पंचेचाळीस. दुसरा पॉइंट मागे पडला.

अकराच्या सुमारास एक बाई एकटीच वरून खाली आल्या. सकाळी जाताना बरोबर चार-पाच वर्षांची मुलगी होती, लाल टोपीतली. किल्लीबाईंनी विचारलं, मुलगी कुठंय? वर आहे, असं म्हणाल्या, रुमाल विसरलाय म्हणावं तसं. आणि थांब्याकडे चालू लागल्या.

आम्ही दोघं धावत वर गेलो. मुलगी कातळाच्या अगदी कडेला बसली होती. रडत नव्हती. तिच्या हातावर मुंग्या चढल्या होत्या आणि ती त्यांच्याकडे पाहत होती. किल्लीबाईंनी उचलून आणली. पहिल्या पॉइंटपर्यंत आलो तेव्हा तिला एकदम रडू फुटलं, मुंग्यांचं, आईचं, सगळ्याचं. खाली थांब्यावरून तिची आई किंचाळत वर धावत येत होती. छाती बडवून घेत होती. कितीतरी वेळ ती मुलीला सोडेना, आणि तिचे हात सारखे मुलीच्या अंगावरून फिरत होते, सगळी आहे ना हे बघत.

किल्लीबाई भिंतीकडे तोंड करून रडल्या. मी हिशोब केला. रोज नऊ. रविवारी सकाळी एक्क्याऐंशी. पहिला पॉइंट सत्याहत्तराव्या खुणेवर आहे. म्हणजे ठिपकीला घेऊन मी जिथं जाणार, नेमकं तिथंच.

गुरुवार, १९

चोपन्न. खात्याला फोन केला, वाट बंद करा म्हणालो. कारणासह लेखी अर्ज पाठवा म्हणाले.

मग ठिपकीला फोन. येऊ नकोस असं सांगायचं होतं, सांगितलंही. पण आवाज निघाला तो सपाट, दुकान बंद आहे सांगतात तसा. ती म्हणाली, आठ महिने मी या आवाजाशी बोलतेय. एकदाही त्यात काही सापडलं नाही. आता तर येणारच, आणि समोर बसून तोंड बघणार. शनिवारच्या गाडीचं तिकीट काढलंय. आणखी समजवावं असं मला कळत होतं, पण वाटत नव्हतं. फोन ठेवला.

रंग खरवडायची पत्री लागून अंगठा कापलाय. टेबलावर डाग दिसला तेव्हा समजलं. दुखत नाही.

ठिपकी त्या कातळाच्या कडेला बसलेली डोळ्यांपुढे आणून पाहिली. काही झालं नाही. हे बरोबर नाही, एवढं अजून कळतं. जोवर कळतंय तोवर काहीतरी करायला हवं.

शुक्रवार, २०

त्रेसष्ट. आज दिवसभर काम केलं.

ते अंतर मोजत नाही. खुणा मोजतं. रोज नऊ, मग त्या जवळजवळ असोत की लांबलांब. हे लक्षात आलं आणि मार्ग सापडला. त्याच्या खालच्या बेचाळीसही उतरत्या खुणा खरवडल्या, आणि त्यांच्या जागी नऊच केल्या, पाटीएवढ्या मोठ्या, लांबून दिसतील अशा. शेवटची माझ्या खोलीत, खिडकीसमोरच्या भिंतीवर. म्हणजे उद्या सकाळी ते इथं. शेवटची खूण इथं, मुक्कामही इथं. वाटेवर कुणी नाही, ठिपकी नाही.

उद्या सकाळी किल्लीबाई बाहेरून कुलूप लावतील, म्हणजे मी काही न वाटून दार उघडं टाकून निघून जायला नको. किल्ली त्यांच्याकडेच. रविवारी त्या थांब्यावर जाऊन ठिपकीला त्याच बसनं परत पाठवतील. त्या फार रडल्या. असं नका करू दादा, म्हणाल्या. दुसरं सुचत असेल तर सांगा, म्हटलं. त्यांनी मोठं कुलूप शोधून आणलं.

चौसष्टाव्या खुणेपाशी, म्हणजे त्याच्या अगदी शेजारी, खरवडत असताना मला हिचा चेहरा आठवेना. वाईटही वाटलं नाही. हात चालू होता.

शनिवार, २१

सकाळी भिंतीवरच्या खुणेवर पंजा. चार बोटं.

कुलूप लागलं. किल्ल्या वाजत लांब गेल्या.

दिसत काही नाही. पण खुर्चीवर बसत नाही मी. ती रिकामी नाही.

दुपार

तांब्या भरलेला आहे. बघतोय त्याच्याकडे.

जीभ कोरडी आहे. असू दे.

ठिपकी गाडीत बसली असेल. ठिपकी कोण हे माहीत आहे. माझी मुलगी. असं लिहिता येतं. लिहिलं की दुसऱ्या कुणाची वाटते.

संध्याकाळ

माशी बसली डोळ्यावर. बसू दिली.

ते कुठं जात नाही. बरं झालं. काम चोख —

रविवार, २२

सकाळी साडेआठ

अंगठा दुखतोय.

अंगठा दुखतोय! ठणकतोय, पार खांद्यापर्यंत! जाग आली ती त्यानंच. तांब्या उचलला आणि सगळं पाणी घटाघट प्यालो, अंगावर सांडलं, गार, इतकं गार पाणी मी जन्मात प्यालो नव्हतो. आणि मग ही आठवली. चेहरा आठवला. त्या पाटीपुढे हसून हसून खाली बसलेली. आणि मला रडू आलं. आठ महिन्यांचं, हुंदके देऊन, लहान मुलासारखं, नाकाडोळ्यांतून. दुखतंय. जिथं दुखायला हवं होतं तिथंच दुखतंय गं बाई.

खुर्ची रिकामी आहे. बसून पाहिलं. गेलं ते! वर गेलं! किल्लीबाई मघाशीच थांब्याकडे गेल्या असतील. ठिपकीला परत कशाला पाठवायचं आता? येऊ दे. बसू दे समोर. बघू दे तोंड. सगळं सांगतो तिला, त्या पाटीचं, सगळं.

नऊ वाजता

भिंतीवरची खूण पाहत होतो. तिच्यापाशी उभा राहिलो, पाठ टेकून. समोर खिडकी. खिडकीतून फाटकाचा खांब दिसतो. खांबावर पिवळी खूण. वरून खाली जाणाऱ्याला दिसणारी. उतरती.

एका खुणेपाशी उभं राहिलं की पुढची दिसली पाहिजे.

त्या खुणेवर पंजा आहे.

दुसऱ्या खांबावर आहे. तिसऱ्यावर. इथून मोजता येतात. नऊ. मीच केल्या. वहीत मांडल्या नाहीत. वहीतल्याच मोजत बसलो मी, मूर्खासारखा. काल ते इथं थांबलं नव्हतं. कालच्या नऊ संपल्या होत्या, एवढंच.

शेवटची थांब्याच्या खांबावर. मुक्काम तिथं —

नऊ चाळीस

दार हलत नाही. खाट घातली त्यावर, तिचाच पाय मोडला. गज हलत नाहीत. ओरडलो. घसा गेला, आवाजच निघत नाही आता, म्हणून लिहितोय. भीती ही अशी असते — विसरलो होतो.

किल्लीबाई बाकावर बसल्यात. हात मांडीवर. जुडगा खाली मातीत पडलाय. उचलत नाहीत. बाई, उचला. बाई वर बघा —

चादर आहे. रंग आहे. मी पेंटर आहे.

नऊ पंचावन्न

चादरभर अक्षरं केली. ठिपकी, उतरू नकोस. हातभर उंचीची, जाड, दरीपलीकडूनही वाचता येतील अशी. अंतर बरोबर घेतलंय. गजांना बांधली. वाऱ्यानं फडफडतेय, खालचा कोपरा हातानं धरून ठेवलाय.

बस आली.

उतरली. निळी ओढणी. बारीक झालीय गं. बॅग घेऊन उभी आहे, खांबावरची खूण बघून हसली — हसली ती — हात लावला खुणेला —

वर बघितलं. वाचतेय. वाचली. माझी अक्षरं तिला लांबून ओळखू येतात, लहानपणापासून —

बस अजून थांबलीय. चढ. चढ ना.

बस गेली.

तिनं चादरीकडे बघितलं आणि मान खाली केली. हसू नाही. राग नाही. चेहऱ्यावर काहीच नाही. माझा चेहरा आहे तो, आठ महिन्यांचा माझा —

बॅग सोडली. चालतेय. बाकाकडे नाही. रस्त्याच्या मधोमध. बसली. ठिपकी मधोमध बसली. वळणावर हॉर्न वाजतोय. किल्लीबाई बघतायत नुसत्या. हॉर्न — जवळ — अगं ऊठ, बाळा, इकडे बघ, मला वाटतंय गं सगळं, मला फार वाटतंय, ऊठ, ठिपके, ऊ